आण्णांचा पासवर्ड

आण्णा पासवर्ड घालायला बसले, की खोलीत जो कोणी असेल त्याला भिंतीकडं तोंड करून उभं राहावं लागे. मग ती मी असो, गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस असो, नाहीतर आण्णांची स्वतःची बायको असो. "फिरा. भिंतीकडं बघा. मागं वळायचं न्हाय," असा हुकूम सुटे आणि आम्ही निमूट फिरत असू. भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्यातले सणवार मला त्या वर्षी तोंडपाठ झाले. मग मागून आण्णांचा आवाज येई, आणि तो असा, की पलीकडच्या गोठ्यातल्या म्हशीनं कान टवकारावेत.

"के फॉर कागल! जे फॉर जोतिबा! व्ही फॉर वडगाव! एम फॉर मुरगूड! एन्टर!"

आणि मग एकदम हळू, गुपित सांगितल्यासारखं, "हां. वळा आता."

पडद्यावर अक्षरांच्या जागी चांदण्या उमटत, याचं त्यांना फार कौतुक होतं. त्या चांदण्यांवर बोट ठेवून मला म्हणत, "बघ. कळतंय काय कुणाला काय?"

मी म्हणायची, "नाही जी."

आण्णा म्हणजे आमचे घरमालक. टेलिफोन एक्स्चेंजमधून ट्रंक ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. नोकरीभर कानाला हेडफोन लावून त्यांनी खरखरणाऱ्या तारांवरून लोकांची नावं एकेक अक्षर फोडून, ओरडून सांगितली होती. त्यामुळं इंग्रजी अक्षर समोर आलं की त्याच्या मागं जिल्ह्यातलं एखादं गाव तोंडातून बाहेर पडायचंच. आपण बोलतोय हे त्यांना ठाऊकच नसे. माणसाला स्वतःचं घोरणं कुठं ऐकू येतं, तसं.

दुसऱ्याचं ऐकण्यात जन्म गेल्यामुळं आपलंही कोणीतरी ऐकत असणार, याबद्दल मात्र त्यांची खात्री होती. सारखं बजावत, "घरातली गोष्ट वायरीवर जाता कामा नये. मधी कोण कान लावून बसलंय, तुला काय म्हाईत? मी बसलेलो हाय."

तर असा हा पासवर्ड अख्ख्या गल्लीला माहीत होता. पोरं लपाछपीत राज्य घेताना आकड्यांऐवजी कागल, जोतिबा, वडगाव, मुरगूड म्हणायची. माहीत असल्याचं दडपण फक्त मला होतं. मी जात्याच भित्री. शाळेत माझ्याकडून पाढे कधी पाठ झाले नाहीत, आणि हा पासवर्ड काही केल्या विसरता येईना. झोपेत बडबडले तर? बाजारात भाजीवालीनं "कुठलं गाव?" विचारल्यावर तोंडातून भंडाऱ्याऐवजी कागल निघालं तर? आण्णा मोठ्यानं म्हणत असताना मी मनातल्या मनात आरती म्हणून बघितली. पण आण्णांच्या आवाजापुढं आरतीचं काही चालेना.

मी भंडाऱ्याकडची. वडील गेले तशी नववीतून शाळा सुटली, पुढं लग्न झालं, आणि आमच्या ह्यांना इथल्या फाउंड्रीत मोल्डरचं काम लागलं म्हणून महाराष्ट्राच्या त्या टोकावरून ह्या टोकाला आले. सगळ्याचीच भीती वाटायची. तांबड्या रश्श्याची वाटायची. इथल्या बायका "मी आलो, मी गेलतो" असं पुरुषासारखं बोलतात, त्याची वाटायची. पहिल्या दिवशी आण्णांनी दारातच विचारलं, "काय पावणं, कुठनं आलाय म्हणायचं?"

"भंडाऱ्याहून जी."

"आन एवढं भ्यायला काय झालं? भांडत न्हाय, बोलायलोय."

तो त्यांचा प्रेमळ आवाज होता, हे कळायला मला बराच काळ लागला.

काँप्युटर त्यांच्या मुलानं आणला होता. मुलगा अमेरिकेत. एका सुट्टीत बॅगांमधून तुकडे तुकडे घेऊन आला, जोडून दिला, सुरू करताना पासवर्ड विचारणारा छोटा प्रोग्राम लिहून दिला, आणि परत गेला. पुन्हा काही त्याला यायला सवड झाली नाही. यंत्र तेवढं राहिलं. आण्णांनी त्याला मागची खोली दिली. खिडकीच्या फटीत कापूस, दाराला जाड पडदा, उंबऱ्याबाहेर पाणी भरलेली बादली. पाय धुवायचे, पुसायचे, मग आत. यंत्रावर गोधडी. खोलीची किल्ली आण्णांच्या करदोट्याला.

आण्णांची बायको म्हणजे आक्का. बोलण्यात कुणाला हार जायच्या नाहीत. मला म्हणायच्या, "लेकाच्या पाठीवर कधी हात फिरवला न्हाय ह्येनी. आन त्येच्या मशीनवर रोज फडकं फिरवत्यात."

आण्णा आतून ओरडत, "ऐकायला येतंय मला!"

"ऐकायसाठीच बोललो की!"

त्या खोलीत माझी वर्णी लागली ती आण्णांच्या मोतीबिंदूमुळं. हिरवी अक्षरं त्यांना पुसट दिसू लागली. एक दिवस मी कपडे वाळत घालत होते, तर हाक आली. "कितवी शिकलीस गं?"

"नववीतून सोडली जी," मी जमिनीकडं बघून म्हटलं. तेव्हा हे सांगताना मी नेहमी जमिनीकडंच बघत असे.

"म्हंजे एबीसीडी येतीया?"

"तेवढी येते जी."

"मग बस की. हे मशीन काय दाखला मागत न्हाय. काय दाबलंस तेवढंच बघतंय."

मी पाय धुतले. घाबरून दोनदा धुतले. आणि बसले.

पत्र लिहायचा एक प्रोग्राम होता, त्यात आण्णा मुलाला पत्र सांगत. इंग्रजीत. मला इंग्रजी येत नाही याची त्यांना अडचण नव्हती. ते शब्द सांगतच नसत, अक्षरं सांगत. "डी फॉर दानोळी. यू फॉर उत्तूर. एस फॉर शिरोळ." मी एकेक गाव शोधून दाबायची. आपण काय लिहितोय याचा पत्ता नाही, पण बोटं चालू लागली. मला इंग्रजी येण्याआधी कोल्हापूर जिल्हा आला तो असा. आजही शिरोळचा बोर्ड दिसला की माझी डाव्या हाताची अनामिका जराशी हलते.

समोरच्या घरात एक प्राध्यापक राहत. मूळचे पेठ वडगावचे. त्यांच्याकडंही काँप्युटर होता, पण निराळ्या जातीचा. नुसता कीबोर्ड, तो रंगीत टीव्हीला जोडायचा, आणि प्रोग्राम कॅसेटवर. कॅसेट लावली की टेपरेकॉर्डरमधून बराच वेळ कर्कश किंचाळणं ऐकू येई आणि मग टीव्हीवर लाल-निळी चित्रं नाचू लागत. ह्याचा प्रोग्राम त्याला चालायचा नाही, त्याचा ह्याला नाही. गल्लीत दोन तालमी असाव्यात तशी दोन घरं झाली होती.

"त्येला काँप्युटर म्हणत न्हाईत," आण्णा ओट्यावरून म्हणत. "टेपरेकॉर्डरचं पोट दुखायलंय ते."

"आण्णा, तुमच्या यंत्रात रंग किती?" प्राध्यापक समोरून विचारत.

"मला काय त्यात रंगपंचमी खेळायची न्हाय!"

"आणि कुलूप कशाला लावता? आत आहे काय चोरण्यासारखं?"

ह्या शेवटच्या प्रश्नावरून बोलणं बंद झालं ते झालं. तरी पासवर्डात आपलं वडगाव आहे याचा प्राध्यापकांना मनातून अभिमान होता. समोर "व्ही फॉर वडगाव" झालं की ते पेपरमागून हलकेच मान डोलावत.

आण्णांच्या बंदोबस्तात आक्कांच्या टिकल्यांचाही भाग होता. तेव्हाच्या फ्लॉपीच्या कडेला एक खाच असे. ती चिकटपट्टीनं झाकली, की त्या फ्लॉपीवर नवं काही लिहिलं जात नसे. बरोबर आलेल्या पट्ट्या संपल्या तेव्हा आण्णांनी आक्कांचं मखमली टिकल्यांचं पाकीट उचललं. फ्लॉपीला टिकली लावली की ते खूश. "आता हिच्याकडं कोण वाकडं बघतंय बघू." पुढं एका दुपारी यंत्र घरघरू लागलं. फ्लॉपी वाचेना. आण्णा घामाघूम. प्राध्यापकानंच काहीतरी केलं असणार, विजेच्या तारेतून, असं त्यांचं मत पडलं. शेवटी आक्कांनी डोक्यातली पिन काढून यंत्रात फ्लॉपी घालायच्या फटीत घातली आणि एक मरून टिकली ओढून काढली.

"घ्या तुमचा चोर," म्हणाल्या, आणि ती स्वतःच्या कपाळाला लावून स्वयंपाकघरात गेल्या.

ह्याच सुमाराला पेपरात व्हायरसची बातमी आली. फ्लॉपीतून एका काँप्युटरचा रोग दुसऱ्याला लागतो आणि लिहिलेलं सगळं पुसून जातं, अशी. आण्णांनी ती माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतली आणि जाहीर केलं, की आजपासून बाहेरची फ्लॉपी उंबऱ्याच्या आत येणार नाही. मला विचाराल तर बाहेरची फ्लॉपी आमच्याकडं येणार तरी कुठून? पण ती आली, आणि नेमकी मीच घेऊन आले.

त्याचं असं झालं. फाउंड्रीत ह्यांच्या पायावर वितळलेल्या लोखंडाचा रस सांडला. जखम भरत होती, पण भट्टीपुढचं काम आता जमायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. भंडाऱ्याला परत जावं, तर तिथं तरी काय होतं? मी रात्रंदिवस काळजी करत असे. करायला दुसरं काही सुचत नसे म्हणूनही असेल. तेवढ्यात एका पतसंस्थेत काँप्युटर आल्याचं कळलं. चालवणारं माणूस हवं होतं, आणि मिळत नव्हतं म्हणून शिक्षणाची अट सैल केली होती. मी गेले. मॅनेजरांनी विचारलं, "येतं का चालवायला?" आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी जमिनीकडं न बघता म्हटलं, "आमच्या घरी आहे जी."

म्हणजे घर आण्णांचं, यंत्र आण्णांचं, फक्त शेवटचं 'जी' माझं. पण मॅनेजर खूश झाले. त्यांनी एक फ्लॉपी हातात दिली. "आमचा प्रोग्राम आहे. घरी बघून ठेवा. सोमवारी येऊन चालवून दाखवायचा."

आण्णांनी फ्लॉपी पाहिली आणि दोन पावलं मागं सरले. "कुठनं आणलीस?"

मी सांगितलं. नोकरीचं ऐकून त्यांचा चेहरा उजळला आणि फ्लॉपीकडं बघून पुन्हा पडला.

"मिरजेहून आल्यावर बघू. घाई न्हाय. तवर हिला भाईर ठेव."

दुसऱ्या दिवशी त्यांचं मिरजेला मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. पुतण्या बरोबर जाणार होता. आक्कांना एस्टी लागते म्हणून त्या घरीच. जाताना आण्णांनी किल्ली करदोट्यावरून सोडवून आक्कांकडं दिली आणि मला म्हणाले, "शनिवारी येतोय की. रविवार सगळा तुझा." फ्लॉपी उंबऱ्याबाहेरच्या कोनाड्यात, चपलांच्या वर, वाट बघत राहिली. आणि शनिवारी मिरजेहून पुतण्याचा निरोप आला, की डॉक्टर आणखी चार-पाच दिवस सोडत नाहीत.

आणि माझी परीक्षा सोमवारी. आक्का म्हणाल्या, "त्यात काय? किल्ली माझ्याकडं हाय. उघड आन बस."

"पासवर्ड, आक्का?"

"तो काय, कागल, जोतिबा..."

"नको!" मी कानांवर हात ठेवले. मला पासवर्ड माहीत नव्हता. म्हणजे माहीत होता, पण माहीत असायची परवानगी नव्हती. ज्या माणसानं दाखला न विचारता बसवलं, त्याच्या पाठीमागं त्याचं यंत्र उघडायचं, आणि वर त्यात बाहेरची फ्लॉपी घालायची? हे मला जमणार नव्हतं. नोकरी गेली तरी. असं मी मनाशी मोठ्या बाणेदारपणे ठरवलं आणि मग पायरीवर बसून भोकाड पसरलं.

आक्कांनी थोडा वेळ ते ऐकलं. मग पदर खोचला. "ऊठ. रडून मशीन चालू होत न्हाय. चल समोर."

"समोर? प्राध्यापकांकडं?"

"फोन त्येंच्याकडंच हाय न्हवं? मी येतो की संगट."

आक्कांनी समोरचा उंबरा ओलांडला तशी गल्ली गोळा झाली. दूधवाला कॅन तिथंच ठेवून आत आला. प्राध्यापकांनी टीव्हीवरची लाल-निळी चित्रं बंद केली, खुर्ची दिली, आणि काही न विचारता मिरजेच्या दवाखान्याला ट्रंक कॉल बुक केला. लाईन लागायला वेळ लागला. मला वाटलं, लागूच नये. आणि लागली.

"हॅलो! कोण? काय झालं? मशीन पेटलं काय?" रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला तरी आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता.

"नाही जी. मी बोलते. सोमवारी परीक्षा आहे जी. तुम्ही येणार नाही म्हणून... फ्लॉपी बाहेरच आहे जी. मी हात लावला नाही."

नुसती खरखर. मग मधूनच तिसराच आवाज आला, एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरचा. "आण्णा? तुमी हाय व्हय? बोला, निवांत बोला. मी ऐकत न्हाय."

त्या माणसाला काय वाटलं असेल, मी आजही विचार करते. जन्मभर तारेच्या मधोमध बसून लोकांची गुपितं ऐकलेला माणूस. एका डोळ्यावर पट्टी. घरातली गोष्ट वायरीवर जाता कामा नये म्हणणारा. मध्ये ऑपरेटर, इकडं प्राध्यापकाचं घर.

"हे बघ," आण्णा म्हणाले. आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला होता. "पासवर्ड सांगतोय. आज भिंतीकडं बघू नकोस. नीट लिवून घे."

मी वळून कागद मागणार, तर काय बघते! प्राध्यापक टीव्हीशेजारच्या भिंतीकडं तोंड करून उभे होते. दूधवाला दरवाज्यामागच्या भिंतीला नाक लावून. आक्का देवाच्या फोटोकडं. दारात जमलेल्या बायका एकमेकींना धक्के देत गल्लीकडं तोंड फिरवत होत्या. ज्यांना ज्यांना पासवर्ड पाठ होता, ते सगळे.

"के फॉर कागल!" मिरजेहून आरोळी आली. "जे फॉर जोतिबा! एम फॉर मुरगूड! एन्टर!"

भिंतीकडं बघणारी डोकी अस्वस्थपणे हलली. आणि प्राध्यापकांना राहवलं नाही.

"आण्णा!" ते भिंतीलाच ओरडले. "वडगाव कुठं गेलं?"

खरखर. पुष्कळ खरखर.

"तुमाला कसं म्हाईत?"

प्राध्यापकांचे कान लाल झाले. "अंदाज, आण्णा. नुसता अंदाज. आमचं वडगाव नसेल, असं होईल होय?"

"बरोबर हाय अंदाज," आण्णा सावकाश म्हणाले. "व्ही फॉर वडगाव, जोतिबानंतर. घेतलंस काय गं?"

"परत सांगा जी," मी म्हटलं. मला रडू येत होतं, आणि पहिल्यांदाच ऐकतेय असं त्यांना वाटायला हवं होतं.

त्यांनी परत सांगितलं. मग म्हणाले, "आन ती फ्लॉपी. तिला आक्काची टिकली लाव. घट्ट दाब. आन घाल आत."

पुढं नोकरीत मला कळलं, की टिकलीनं फ्लॉपीचं आपल्या यंत्रापासून रक्षण होतं. यंत्राचं फ्लॉपीपासून नाही. म्हणजे आण्णांनी त्या दिवशी दार सताड उघडलं होतं, आणि आपण कडी लावली असं समजून मिरजेत निवांत झोपले होते. रोगबिग काही नव्हता त्या फ्लॉपीत, हे आमचं नशीब.

रविवारी मी दिवसभर बसले. सोमवारी पतसंस्थेत गेले. मॅनेजर आणि दोन संचालक समोर खुर्च्या मांडून बसलेले. प्रोग्राम सुरू झाला आणि त्यानं पासवर्ड विचारला. मॅनेजरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेला होता. मी चिठ्ठी घेतली, कीबोर्डवर हात ठेवले, आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "तिघांनीही भिंतीकडं तोंड करा जी."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मग मॅनेजरांनीच खुर्ची फिरवली. त्यांचं बघून संचालकांनी फिरवली. मी चिठ्ठीतलं एकेक अक्षर दाबलं. प्रोग्राम उघडला. दाखवायचं ते सगळं दाखवलं. मला घेतलं.

आण्णा मिरजेहून आले ते हिरवा चष्मा लावून. मी पेढे घेऊन गेले. पाय धुवून. त्यांनी सगळं सविस्तर ऐकलं, पेढा तोंडात टाकला, आणि एकदम संशयानं माझ्याकडं वळले. "पासवर्ड घालताना गप हुतीस न्हवं?"

मी आठवून बघितलं. आणि तेव्हा कुठं मला माझाच आवाज ऐकू आला, त्या बंद खोलीत, तिघांच्या पाठींना उद्देशून: एस फॉर शिरोळ, डी फॉर दानोळी.

"नाही जी," मी म्हटलं. "मोठ्यांदा म्हणाले."

आण्णांनी बराच विचार केला.

"पर ते समदे भिंतीकडं बघत हुते न्हवं?"

"व्हय."

"मग भ्यायचं कारण न्हाय," आण्णा म्हणाले, आणि दुसरा पेढा उचलला.